दुखण्यावरचे मलम : उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

कोल्हापूर - तालमींच्या या शहराला अंगदुखी नवी नाही. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग यांसारख्या तालमींत मेहनत आटोपली, की तेलाच्या मालिशीने शरीर मोकळे करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती मारणाऱ्या मल्लापासून गल्लीत विटी-दांडू खेळताना पडलेल्या पोरापर्यंत सर्वांना ठाऊक असलेली औषधयोजना एकच होती. मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप, पाय मुरगळला तर निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि उसण भरली तर कोमट तेल.

आता या लेपांची जागा औषध दुकानातील ट्यूबने घेतली आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर उभ्याने पाळी करणारा कामगार, शिरोलीच्या फौंड्रीत साचे उचलणारा हेल्पर, हुपरीत तासन्‌तास मान खाली घालून चांदीचे काम करणारा कारागीर, भोगावतीकाठच्या शिवारात वाकून भाताची रोप लावण करणारी स्त्री आणि संगणकासमोर दिवस घालविणारा बँकेतील कर्मचारी, या सर्वांच्या घरात मलमाची एखादी ट्यूब हमखास सापडते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, गोळीसारखी पोटात जात नाही आणि लावल्याबरोबर काहीतरी केल्याचे समाधान देते.

प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने एकाच जागी ठाण मांडून बसलेल्या दुखण्याचा. गुडघा, खांदा, मनगट, तळपाय अशा एका भागातील जुनाट वेदनेवर मलम किती काम करते? कोणत्या दुखण्यात ते पुरेसे असते आणि कोणत्या दुखण्यात त्याच्या भरवशावर बसल्याने मोलाचा काळ हातचा जातो? हा फरक वेळीच कळला नाही, तर बरा होऊ शकणारा हात कायमचा अधू होण्याची वेळ येते. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या औषधाची ओळख नीट करून घेणे आवश्यक ठरते.

दुखणे एक, जाती अनेक

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणारी किंवा पुनःपुन्हा उद्‌भवणारी वेदना ही जुनाट वेदना, अशी वैद्यकशास्त्राची सर्वसाधारण व्याख्या आहे. अशा वेदनेचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार स्नायू, सांधे, अस्थिबंध यांच्या झिजेतून किंवा दाहातून येणाऱ्या वेदनेचा. दुसरा प्रकार मज्जातंतूंना इजा झाल्यामुळे होणाऱ्या वेदनेचा. तिसऱ्या प्रकारात इजा भरून आलेली असते, परंतु वेदनेची सूचना देणारी शरीरातील यंत्रणाच बिघडलेली असते.

मराठी भाषेत वेदनेसाठी शब्दांची श्रीमंती आहे आणि निदानात तिचा चांगला उपयोग होतो. रग लागणे, ठणका, उसण, आखडणे हे शब्द बहुधा पहिल्या प्रकाराकडे बोट दाखवितात. भगभग, मुंग्या, सुया टोचल्यासारखे होणे, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येणे हे शब्द मज्जातंतूंच्या दुखण्याचे सूचक असतात. मधुमेही रुग्णाच्या तळपायांची आग किंवा नागीण बरी झाल्यावरही त्या जागी मागे राहणारी जळजळ ही याची नेहमीची उदाहरणे होत. डॉक्टरांपुढे केवळ 'दुखते' असे न सांगता 'कसे दुखते' हे सांगणारा रुग्ण निदानाचे अर्धे काम सोपे करतो. कारण या प्रत्येक जातीवर चालणारे मलम वेगळे आहे.

बाम : लक्ष दुसरीकडे वेधणारी औषधे

भारतीय घरांत सर्वांत जुना मान बामचा. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजनची सुरुवात केली. झंडू फार्मास्युटिकल वर्क्स ही कंपनी १९१० ची, तीही मुंबईचीच. अमृतांजनच्या जाहिरात फलकावरून खंडाळ्याच्या घाटातील ब्रिटिशकालीन पुलालाही तेच नाव पडले. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

बाम आणि त्यांच्या कुळातील मलमांमध्ये मेन्थॉल म्हणजे पुदिन्याचा अर्क, कापूर, निलगिरी तेल आणि मिथाइल सॅलिसिलेट यांचे मिश्रण कमी-अधिक प्रमाणात असते. मिथाइल सॅलिसिलेट हा गंधपुरा या वनस्पतीच्या तेलाचा मुख्य घटक असून तो ॲस्पिरिनच्या कुळातील आहे. ही द्रव्ये त्वचेत थंडावा किंवा ऊब निर्माण करतात. मेन्थॉलमुळे त्वचेचे तापमान फारसे न बदलताही गार वाटते, कारण थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना ते उद्दीपित करते. या नव्या संवेदनेच्या गर्दीत खोलवरची वेदना काही काळ मागे पडते. डोके दुखत असताना कपाळ दाबून धरल्याने बरे वाटावे, तसाच हा प्रकार आहे.

व्यायामानंतरची रग, मुका मार, मानेचे आखडणे अशा थोड्या दिवसांच्या दुखण्यात हा दिलासा उपयोगी पडतो. जुनाट दुखण्यात मात्र त्याची मजल फार नाही. सॅलिसिलेटयुक्त मलमांवरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेला २०१४ मध्ये जुनाट वेदनेतील त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा सापडला नाही. बाम लावू नये, असा याचा अर्थ होत नाही. त्याच्याकडून तासा-दोन तासांच्या आरामाची अपेक्षा ठेवावी, आजार बरा होण्याची ठेवू नये.

दाहशामक जेल : गुडघ्याला लाभ, कंबरेला कमी

दुसरे कुळ दाह कमी करणाऱ्या औषधांचे. डायक्लोफिनॅक, कीटोप्रोफेन, आयबुप्रोफेन ही औषधे गोळ्यांच्या रूपात सर्वपरिचित आहेत. त्याच औषधांची जेल त्वचेवाटे आत उतरतात आणि लावलेल्या जागेखालील सांध्यात व स्नायूंत पोहोचतात. औषध दुकानांत मिळणाऱ्या अनेक लोकप्रिय ट्यूबमध्ये डायक्लोफिनॅकसोबत अळशीचे तेल, मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल असते. म्हणजे एकाच ट्यूबमध्ये दाहशामक औषध आणि बाम असे दोन्ही असतात. लावताच येणारा गारवा मेन्थॉलचा असतो. डायक्लोफिनॅकचा परिणाम सावकाश दिसतो.

या जेलचा मोठा गुण म्हणजे रक्तात मिसळणारे प्रमाण अल्प असते. एका गुडघ्यावर ठरलेल्या मात्रेत जेल लावल्यास रक्तातील डायक्लोफिनॅक गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्के एवढेच आढळते. त्यामुळे जठराचा व्रण, मूत्रपिंडावरील ताण, रक्तदाब वाढणे हे गोळीचे धोके बरेच कमी होतात. गोळ्यांनी पोट बिघडणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातात गोळीच्या आधी दाहशामक जेल वापरावे, असे स्पष्ट सांगण्यात आले. अमेरिकेत डायक्लोफिनॅकचे जेल फेब्रुवारी २०२० पासून चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली.

मग प्रत्यक्ष लाभ किती? गुडघा आणि हात यांच्या संधिवातावरील संशोधनाचा कॉक्रेनने २०१६ मध्ये घेतलेला आढावा बोलका आहे. डायक्लोफिनॅक असलेले मलम लावणाऱ्या १० रुग्णांपैकी सुमारे ६ जणांची वेदना सहा ते बारा आठवड्यांनी पुष्कळ कमी झाली. औषध नसलेले नुसते मलम लावणाऱ्या १० पैकी सुमारे ५ जणांनाही तसाच आराम पडला. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा खरा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही. उरलेला आराम चोळण्याचा, काळाचा आणि विश्वासाचा असतो.

खोलीचाही प्रश्न येतोच. गुडघा, बोटे, मनगट, कोपर, घोटा हे सांधे त्वचेला लागून आहेत, तेथे जेल पोहोचते. खुब्याचा सांधा मांसाच्या जाड थराखाली दडलेला असतो, कंबरदुखीचे मूळ बहुधा मणक्यांत असते. तेथे वरून लावलेल्या जेलचा प्रभाव पडण्याची शक्यता फार कमी असते. वापरातही चूक होते. अनेक जण मोहरीएवढे जेल लावून जोरात रगडतात. डायक्लोफिनॅकच्या एक टक्का जेलची अमेरिकेत मान्य असलेली मात्रा गुडघ्यासाठी एका वेळी ४ ग्रॅम आणि हातासाठी २ ग्रॅम, दिवसातून चार वेळा अशी आहे. भारतीय ट्यूबची तीव्रता थोडी वेगळी असू शकते, म्हणून वेष्टनावरील किंवा डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा पाळावी. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर औषध पुरेसे लावले जात नाही असे समजावे.

मिरचीतले औषध

कोल्हापूरकरांना तिसऱ्या कुळाची ओळख स्वयंपाकघरातच झालेली असते. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करण्यासाठी घरोघरी संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांची देठे खुडली जातात, कांडप केंद्रांवर रांगा लागतात. दिवसभर मिरची हाताळणाऱ्या बायकांचे हात रात्री भगभगतात. कितीही पाणी ओतले तरी आग शमत नाही, गोडेतेल चोळल्यावर उतार पडतो. या आगीचे कारण कॅप्सेसिन हे द्रव्य. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. तांबड्या रश्श्याचा झणझणीतपणा जेथून येतो, तेच हे द्रव्य जुनाट वेदनेवरील मलमातही असते.

कॅप्सेसिन त्वचेतील ज्या ग्राहकावर काम करते, त्याचा शोध अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये लावला. हा ग्राहक प्रत्यक्षात चटका बसण्याइतकी उष्णता ओळखणारा आहे. मिरची त्यालाच उद्दीपित करते, म्हणून ती 'जाळते'. उष्णता आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी ज्युलियस व आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅप्सेसिनचा मारा सतत होत राहिला, की ती मज्जातंतूंची टोके थकतात आणि काही काळ वेदनेचा निरोप पाठविणे थांबवितात. मलमाचे सारे तत्त्व यात आले.

सौम्य मलमात कॅप्सेसिन ०.०२५ किंवा ०.०७५ टक्के असते. ते दिवसातून तीन-चार वेळा, नेमाने, काही आठवडे लावावे लागते. पहिल्या आठवड्यात जळजळ होतेच आणि नेमके तेव्हाच पुष्कळ जण ते सोडून देतात. जेव्हा दुखेल तेव्हा थोडे लावून भागत नाही, कारण मध्ये खंड पडला की मज्जातंतू पुन्हा जागे होतात. गुडघ्याचा संधिवात आणि मधुमेहामुळे होणारी तळपायांची आग यांत त्याचा उपयोग केला जातो. नागीण बरी झाल्यावर राहणाऱ्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला अमेरिका व युरोपात २००९ मध्ये मान्यता मिळाली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावतात, परिणाम सुमारे तीन महिने टिकू शकतो.

हे वाचून घरची चटणी तेलात कालवून गुडघ्यावर बांधण्याचा मोह कोणी धरू नये. मिरचीतील कॅप्सेसिनचे प्रमाण वाणागणिक आणि हंगामागणिक बदलते. अशा प्रयोगाने त्वचेवर फोड येऊ शकतात आणि हात डोळ्याला लागला तर वेगळेच संकट उभे राहते.

बधिर करणारे मलम

लिडोकेन हे दात काढताना दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनातील परिचित औषध. त्याचे मलम किंवा पट्टी त्वचेखालील मज्जातंतूंचे निरोप अडविते. ५ टक्के लिडोकेनच्या पट्टीला अमेरिकेत १९९९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. कपड्याचा स्पर्शही सहन न होणारी लहानशी जागा असेल, तर या औषधाचा आधार वाटतो. मात्र ते मोठ्या भागावर, जखमेवर किंवा वर प्लास्टिक गुंडाळून लावल्यास रक्तात अधिक प्रमाणात जाऊन हृदयावर परिणाम होण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांनी आखून दिलेली मर्यादा ओलांडू नये.

हाड जुळले, पण हात परका झाला

मलमाच्या मर्यादेचा खरा कस लागतो तो 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' म्हणजेच सीआरपीएस या विकारात. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून किंवा बांधावरून पाय घसरतो, पडताना माणूस हात टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. प्लास्टर निघते, एक्स-रे मध्ये हाड जुळलेले दिसते. परंतु हात सुजलेला, कधी लालबुंद व गरम, तर कधी निळसर व थंडगार राहतो. त्याला एकाएकी घाम सुटतो. त्वचा तुकतुकीत होते, नखे व केस यांची वाढ बदलते, बोटे मिटत नाहीत. आग इतकी, की पदराचा किंवा पंख्याच्या वाऱ्याचा स्पर्शही नको होतो. मूळ इजेच्या मानाने वेदना कितीतरी अधिक असते.

या विकाराचे वर्णन अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात डॉ. सायलस विअर मिचेल यांनी गोळी लागलेल्या सैनिकांमध्ये केले. त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. हातापायाची आग शमविण्यासाठी हे सैनिक ओली फडकी गुंडाळून बसत, बुटात पाणी ओतत. पुढे जर्मन शल्यचिकित्सक पॉल झुडेक यांनी १९०० मध्ये अशा अवयवातील हाडे विरळ होत असल्याचे दाखविले. सीआरपीएस हे आजचे नाव आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९९४ मध्ये स्वीकारले. उघड दिसणारी मज्जातंतूची इजा नसेल तर पहिला प्रकार आणि असेल तर दुसरा प्रकार, असे त्याचे दोन वर्ग आहेत.

निदानासाठी एकच एक खात्रीची रक्तचाचणी नाही. बुडापेस्ट येथे २००३ मध्ये झालेल्या बैठकीतून पुढे आलेल्या निकषांवर डॉक्टर भर देतात. संवेदना, रंग व तापमान, सूज व घाम, हालचाल व त्वचा-नखांतील बदल असे लक्षणांचे चार गट त्यात आहेत. चारपैकी तीन गटांतील तक्रारी रुग्णाने सांगाव्यात, दोन गटांतील खुणा तपासणीत दिसाव्यात आणि दुसरे कोणतेही कारण सापडू नये, असा हा निकष आहे. विकार विरळा आहे. नेदरलँड्समधील एका पाहणीत दरवर्षी एक लाख लोकांमागे सुमारे २६ नवे रुग्ण आढळले होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो तीन-चार पट अधिक दिसतो. विरळा असल्यामुळेच तो लवकर ओळखला जात नाही. 'हाड तर जुळले, मग नाटक कशाला' असे घरातून ऐकावे लागते. हा मनाचा खेळ नाही. मज्जासंस्था, रक्तवाहिन्या आणि दाह या तिघांतील बिघाड त्यामागे असतो.

अशा हाताला घरात दोन टोकांचे उपचार होतात. एक तर कोणी जाणता माणूस तेल लावून तो जोराने रगडतो, किंवा दुखतो म्हणून तो झोळीत बांधून महिनोन्‌महिने हलविलाच जात नाही. दोन्ही गोष्टी अपायकारक ठरतात. जोरकस मालिशीने आणि चटके देणाऱ्या शेकाने आग भडकते. थेट बर्फ लावणेही टाळावे. न हलविलेला हात आखडत जातो आणि मेंदूच जणू त्या हाताला विसरू लागतो.

सीआरपीएसमधील उपचारांचा कणा म्हणजे हालचाल. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली हात हळूहळू वापरात आणणे, कापूस, मऊ कापड, मग खरखरीत टॉवेल असा चढता स्पर्श देऊन त्वचेची सवय मोडणे, आरशात निरोगी हाताची हालचाल पाहत दुखऱ्या हाताला शिकविणे, या पद्धती वापरल्या जातात. आरशाची ही कल्पना मूळ भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांची. त्यांनी ती अवयव कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी मांडली होती. जोडीला सुरुवातीच्या काळात थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइड, हाडांसाठीची बिस्फॉस्फोनेट औषधे, मज्जातंतूंच्या वेदनेवरील गोळ्या यांचा निर्णय तज्ज्ञ घेतात.

मग मलमाचे स्थान कोणते? नेदरलँड्समधील डॉक्टरांनी गरम व लाल अवस्थेतील सीआरपीएससाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रव्याच्या ५० टक्के मलमाचा वापर केला असून तेथील मार्गदर्शक सूचनांत त्याला जागा आहे. दाहाच्या वेळी तयार होणारी प्राणवायूची घातक रूपे ते शोषून घेते, असा त्यामागील विचार आहे. अन्य देशांत तो तितकासा रुजलेला नाही. लिडोकेनने लहान भागाची आग कमी होऊ शकते. कॅप्सेसिनचा पुरावा या विकारात तोकडा आहे आणि आधीच आगीने हैराण झालेल्या रुग्णाला ते सोसतही नाही. डायक्लोफिनॅकच्या जेलकडून येथे फार अपेक्षा ठेवता येत नाही. थोडक्यात, मलमामुळे व्यायामाची अर्धी घटका सुसह्य झाली तर त्याने काम केले. व्यायामाऐवजी मलम असा हिशेब झाला, तर नुकसान ठरलेले आहे. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर हात वापरात येण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

खास मिश्रणांचे काय?

केटामाइन, गॅबापेंटिन, क्लोनिडिन, बॅक्लोफेन अशी अनेक औषधे एकत्र करून रुग्णागणिक मलम बनविण्याची पद्धत अमेरिकेत फोफावली. त्यांच्या किमतीही मोठ्या होत्या. वॉल्टर रीड या लष्करी वैद्यकीय केंद्रात एका भागापुरती जुनाट वेदना असलेल्या ३९९ रुग्णांवर अशा मलमांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. महिनाभरानंतर ही मिश्रणे आणि औषध नसलेले मलम यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांतील रुग्णांना थोडाफार आराम पडला होता. घटकांची यादी लांब आणि किंमत भारी असली, की औषध जालीम असते, हा समज या चाचणीने खोटा ठरविला.

आयुर्वेदिक तेलांबाबत वेगळा विचार करावा लागतो. महानारायण तेल, निर्गुडी तेल यांचा वापर जुना आहे. हलक्या हाताच्या अभ्यंगाने स्नायू सैल होतात, हेही अनुभवास येते. मात्र मोठ्या रुग्णसंख्येवर काटेकोरपणे झालेल्या चाचण्या थोड्या आहेत. तालमीत निरोगी मल्लाच्या थकलेल्या स्नायूंना मानवणारी मालीश सुजलेल्या, आग होणाऱ्या किंवा नुकतेच हाड जुळलेल्या अवयवाला मानवेलच असे नाही. बाजारात वेष्टनाविना, घटकांची नोंद नसलेल्या बाटल्यांतून विकली जाणारी 'रामबाण' तेले व मलमे टाळावीत. वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक आणि मुदत असलेलेच औषध घ्यावे.

'बाहेरून लावायचे' म्हणजे निर्धोक नव्हे

मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या ४३ घटनांची नोंद झाल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला. काही जणांना एकदाच लावूनही इजा झाली होती. गंधपुऱ्याचे शुद्ध तेल तर विषासमान आहे. त्याच्या एका चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते, जे लहान मुलाच्या पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. कापराचेही तसेच. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी सॅलिसिलेटचे मलम वारंवार लावल्यास रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात -

- जखम, पुरळ, सोललेली त्वचा यांवर मलम लावू नये. डोळे, ओठ व नाजूक भाग टाळावेत.
- मलम लावून वर गरम पाण्याची पिशवी, विजेचा शेक किंवा घट्ट पट्टी वापरू नये. भाजण्याच्या घटना यातूनही होतात.
- कॅप्सेसिनचे मलम हातमोजा घालून लावावे. आंघोळीच्या लगेच आधी किंवा नंतर लावल्यास आग वाढते.
- मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील, तर उष्णता देणारी मलमे लावू नयेत. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.
- दाहशामक गोळी आणि जेल दोन्ही चालू असतील, तर डॉक्टरांना सांगावे. दमा, ॲस्पिरिनची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी विचारल्याशिवाय वापरू नये.
- कीटोप्रोफेनचे जेल लावलेला भाग उन्हात उघडा ठेवू नये. त्वचेवर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.
- सर्व मलमे व तेले मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

केव्हा थांबावे, कोठे जावे?

साध्या दुखण्यात आठवडाभर, तर गुडघ्याच्या संधिवातात दोन ते चार आठवडे योग्य मात्रेत जेल लावून पाहण्यास हरकत नाही. उतार नसेल तर ट्यूबचे नाव बदलत बसण्याऐवजी निदान करून घ्यावे. दुखण्यासोबत ताप, वजनात घट, हातापायातील शक्ती कमी होणे, रात्री झोपमोड करणारी कळ, लघवी-शौचावरील ताबा जाणे यांपैकी काही असेल, तर एक दिवसही मलमावर काढू नये. छातीतून डाव्या हातात किंवा खांद्यात उतरणारी कळ ही हृदयविकाराची असू शकते. तेथे बाम चोळत बसणे म्हणजे वेळेशी खेळणे होय.

प्लास्टर काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर हात-पाय सुजलेला, रंग बदललेला आणि स्पर्श न सोसणारा राहिला, तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि सीआरपीएसची शंका स्पष्ट शब्दांत विचारावी. कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्णांना त्यासाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजेच 'सीपीआर'च्या अस्थिरोग विभागात जाता येते. भूलतज्ज्ञांपैकी वेदनाशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉक्टरही अशा रुग्णांवर उपचार करतात. जाताना प्लास्टर केव्हा घातले, केव्हा काढले, सूज केव्हापासून आहे आणि आतापर्यंत काय काय लावले याची नोंद सोबत न्यावी. लावलेल्या ट्यूब आणि तेलाच्या बाटल्याही पिशवीत घालून न्याव्यात. त्यांतील घटक पाहिल्यावर पुढचे उपचार ठरविणे डॉक्टरांना सोपे जाते.